पाच गडवे पाणी आणि आईचं सोडियम

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून ४६ वर्षांच्या शेतकऱ्याचं पत्र आलं आहे. कपाशी-तुरीचं वावर, घरी बायको, दोन मुलं आणि ७२ वर्षांची आई. गेल्या दिवाळीत त्यांनी मोबाईलवर एक व्याख्यान ऐकलं आणि उठल्याबरोबर दोन, दिवसभरात आठ गडवे पाणी प्यायला सुरुवात केली. गडवा पाऊण लिटरचा, म्हणजे रोज सहा लिटर. जुनी बद्धकोष्ठता गेली, अंग हलकं वाटू लागलं. मग आईलाही पाच गडव्यांचा नेम लावला. ती नको म्हणायची, तरी समोर उभं राहून पाजलं. आईला बीपीची गोळी चालू आहे. जेवण बिनमिठाचं आणि तेही चार घास. फेब्रुवारीत तिला मळमळ सुरू झाली, मग उलट्या. तिसऱ्या दिवशी ती मुलाला आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाका मारू लागली. दवाखान्यात रक्तातलं सोडियम ११६ निघालं. आता ती बरी होऊन घरी आली आहे. बहीण म्हणते, ‘तूच मायला पाणी पाजून पाजून आजारी पाडलं.’ धाकटा भाऊ म्हणतो, पाण्याने कधी कोणी आजारी पडतं का? वरून ऊन तापायला लागलं आहे. पत्रलेखक विचारतात: पाणी जास्त झालं असं नेमकं कधी म्हणायचं? मे महिन्यात आईला पाणी पाजायचं की मोजायचं? आणि माझ्या आठ गडव्यांचं काय करू?

भाऊ,

रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ असायला हवं. ११६ ला माणसाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. तुम्ही आईला वेळेत दवाखान्यात नेलंत, हे आधी नोंदवून ठेवते. ‘म्हातारपणी असं होतंच’ म्हणून किंवा ‘बाहेरचं काही आहे’ म्हणून अशी भ्रमलेली माणसं आठ-आठ दिवस खाटेवर पडून राहतात.

आता तुमच्या घरातल्या भांडणाकडे येऊ. बहीण पूर्ण बरोबर नाही आणि भाऊ तर चूकच आहे. पाण्याने माणूस आजारी पडतो, क्वचित दगावतोही. २००७ साली अमेरिकेत सॅक्रामेंटो इथे एका रेडिओ केंद्राने लघवीला न जाता जास्तीत जास्त पाणी पिण्याची स्पर्धा ठेवली होती. त्यात भाग घेतलेली २८ वर्षांची धडधाकट बाई त्याच दिवशी वारली. पण तुमच्या आईने काही स्पर्धा लावली नव्हती. पावणेचार लिटर पाणी तरुण माणूस सहज पचवतो. मग तिला का सोसलं नाही?

किडनी नुसतं पाणी बाहेर टाकू शकत नाही. लघवी कितीही पातळ झाली तरी तिच्यासोबत थोडं मीठ आणि डाळी-दुधातल्या प्रथिनांपासून झालेला युरिया जावाच लागतो. दोन वेळा भाकर, वरण, भाजी, ठेचा खाणाऱ्या माणसाच्या पोटात एवढा ऐवज जातो, की त्याच्या जोरावर निरोगी किडनी दिवसाला दहा-बारा लिटर पाणीही काढून टाकते. आईच्या ताटात मीठ नाही, डाळ नावाला. म्हणजे पाणी वाहून नेणारा ऐवजच तुटपुंजा. त्यात बीपीची गोळी. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून गोळ्यांची पट्टी काढून बघा. नावापुढे ‘एच’ असं अक्षर असेल, तर बहुधा त्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही त्याच घरातली औषधं. बीपीसाठी ती चांगली, स्वस्त आणि वर्षानुवर्षं वापरातली आहेत; पण ती लघवीवाटे मीठ घालवतात आणि लघवी पातळ करण्याची किडनीची ताकद कमी करतात. वय झालेल्या, अंगाने बारीक बायकांचं सोडियम उतरण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

तेव्हा गोळी असेल तर ती, बिनमिठाचं अपुरं जेवण आणि वरून पाच गडवे, असं सगळं एकाच अंगावर आलं. शरीरात साचलेलं पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. हातापायांत फुगायला जागा असते, कवटीत नसते. म्हणून आधी मळमळ आणि डोकेदुखी, मग भ्रम, मग झटके.

गोळी मात्र मनाने बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘हिचं सोडियम ११६ झालं होतं, ही गोळी चालू ठेवायची की बदलायची?’ फेब्रुवारीत त्यांनी ती बदलली असेल, तर जुन्या पट्ट्या घरातून काढून टाका. म्हातारी माणसं उरलेली गोळी वाया जाऊ नये म्हणून खातात. आणि सोडियम भरून काढायला घरीच चमचाभर मीठ पाण्यात कालवून पाजायचं, हेही नको. उतरलेलं सोडियम झपाट्याने वर नेलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच दवाखान्यात ते पुन्हा पुन्हा रक्त तपासत हळूहळू चढवतात.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘पाणी जितकं जास्त, तितकी शरीरातली घाण धुऊन निघते.’ सगळा घोळ इथून सुरू होतो. तुमच्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. दुकानात मिळणाऱ्या वीस लिटरच्या नऊ कॅन. त्यातलं जवळजवळ सगळं पुन्हा रक्तात घेतलं जातं आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं. तुम्ही वरून तीन गडवे जास्त ओतलेत म्हणून गाळण जास्त चांगलं होत नाही. लघवी पातळ होते, एवढंच. पाण्यासारखी पांढरीस्वच्छ लघवी म्हणजे आरोग्य, हाही त्याच व्याख्यानाचा प्रसाद असणार. फिकट पिवळी लघवी उत्तम. बी-कॉम्प्लेक्सची गोळी खाल्ली तर ती हळदीसारखी दिसेल, त्यालाही घाबरू नका.

‘दिवसाला आठ ग्लास’ हा आकडाही असाच फिरत आला आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आहार मंडळाने दिवसाला अडीच लिटर पाणी असं सुचवलं आणि लगेच पुढे म्हटलं, की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. पुढचं वाक्य लोक विसरले. २००४ मध्ये तिथल्याच वैद्यक संस्थेने दिलेला अंदाज पुरुषाला ३.७ आणि बाईला २.७ लिटर असा आहे. पण त्यात चहा, ताक, वरण, भाजी, फळं सगळं धरलेलं आहे. आपल्याकडे आंबील, कढी, टरबूज, काकडी खाणाऱ्या घरात तर अन्नातून बरंच पाणी जातं.

व्याख्यानात आयुर्वेदाचा दाखला होता, असं तुम्ही लिहिलं आहे. वाग्भटांनी अष्टांगहृदयात सांगितलं आहे, की शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावं. व्याख्यात्यांनी हे पान उलटलेलं दिसत नाही.

मग जास्त म्हणजे किती? दिवसाचा एक आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. वेग बघावा लागतो. निरोगी किडनी तासाला साधारण लिटरभर पाणी बाहेर काढते. उन्हात, कष्टात, दुखण्यात, मळमळीत शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, तेव्हा त्याहूनही कमी. तासाभरात तीन-चार लिटर घटाघटा प्यायलं, तर तरुण माणूसही अडचणीत येतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्के जणांचं सोडियम उतरलेलं निघालं. धावता धावता ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना धोका सर्वांत जास्त. घाम गाळूनही वजन वाढलं, याचा अर्थ गमावलं त्याहून जास्त प्यायले.

आता थांबा, कारण हे वाचून कोणी वावरात पाण्याची कळशी न्यायची सोडली तर अनर्थ होईल. आपल्या भागात जास्त पाण्याने आजारी पडणारा एक असेल, तर कमी पाण्याने भोगणारे कितीतरी. निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांचं बघा. वावरात आडोसा नाही, धुऱ्यावर माणसांची ये-जा. म्हणून त्या सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. चार वाजता डोकं ठणकतं, लघवीला जळजळ होते, पुढे मुतखडा. त्यांना ‘पाणी प्या’ असं सांगणं फुकटचं शहाणपण आहे. तुमच्या वावरात मजूर बाया येतात, असं तुम्ही लिहिलं आहे. एका कोपऱ्यात चार बांबू आणि जुनी ताडपत्री लावून आडोसा करून द्या, त्या आपोआप पाणी पितील. मुतखडा होऊन गेलेल्यांना तर डॉक्टर दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्या म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण ते मुतखड्यावरचं औषध आहे, साऱ्या गावाला वाटायचा प्रसाद नाही.

४५ डिग्रीत वखरणी-नांगरणी करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज जातो. त्याने वीस-वीस मिनिटांनी एक गिलास प्यावं, तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये, आणि दुपारची भाकर चुकवू नये. घामासोबत मीठही जातं, ते भाकर-ठेच्यातून, ताकातून, लोणच्यातून भरून येतं. उपाशीपोटी नुसतं पाणी रिचवत राहणारा मजूर सर्वांत आधी आडवा होतो. एकादशीच्या उपासाला वावरात जाऊ नका असं मी म्हणणार नाही, कोणी ऐकणार नाही; पण त्या दिवशी ताकात मीठ घाला.

आईकडे येते. तिला पाणी पाजायचंही आहे आणि मोजायचंही आहे. म्हातारपणी तहान बोथट होते, त्यामुळे ‘मागेल तेव्हा देऊ’ हे मे महिन्यात पुरत नाही. आणि तिच्या किडनीला जास्त झेपत नाही, हे फेब्रुवारीत दिसलंच. पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून आकडा लिहून घ्या: चहा, ताक, वरणाचं पाणी धरून दिवसाला किती. हृदय, किडनी किंवा लिव्हरचा त्रास असेल तर तो आकडा कमी असेल. नसेल तर बहुधा दीड-दोन लिटरच्या आसपास. सकाळी तेवढं पाणी लिटरच्या बाटल्यांत भरून तिच्या खाटेजवळ ठेवा, चहा-ताक झालं की तेवढं त्यातून कमी करा. गडव्याने मोजू नका. प्रत्येक घरचा गडवा वेगळा आणि पाजणाऱ्याचा हातही वेगळा. संध्याकाळी बाटलीत उरलं तर रात्री झोपेतून उठवून संपवायला लावू नका.

त्याहून जास्त फायदा तिला कमी घाम यावा असं करण्यात आहे. कूलर असेल तर तो तिच्या खोलीत लावा, बैठकीत पाहुण्यांसाठी नको. कूलरला हवा खेळती लागते, म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवा. लाईट गेली की ओला पंचा मानेवर, हातांवर फिरवा. टिनाचं छत असेल तर दुपारी तिला शेजारच्या कौलारू घरात किंवा झाडाखाली बसू द्या. आणि जेवण. बिनमिठाचं ताट कोणी सांगितलं होतं? डॉक्टर ‘मीठ कमी करा’ म्हणतात, घरी त्याचं ‘मीठ बंद’ होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमी. पापड, वरून घेतलेलं मीठ, शेव-चिवडा बंद, पण भाजीत बेताचं मीठ असावं. हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रोज वाटीभर घट्ट वरण, जमलं तर अंडं किंवा दूध पोटात जाऊ द्या.

उन्हाळ्यात एक घोटाळा नेहमी होतो. ऊन लागलं तरी मळमळ, डोकेदुखी, भ्रम. सोडियम उतरलं तरी तेच. घरचे ‘ऊन लागलं’ म्हणून आणखी पाणी पाजतात. अंग भट्टीसारखं तापलेलं असेल, तर सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा. अंग तापलेलं नाही, दिवसभर भरपूर पाणी झालेलं आहे, लघवी पाण्यासारखी होते आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो, तर साधं पाणी तिथेच थांबवा. दोन्हीत भ्रम असेल तर तोंडाने काहीही न देता १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात सांगा, ‘हिचं सोडियम आधी उतरलेलं आहे.’ तो जुना रिपोर्ट आईच्या पिशवीतच ठेवा. जुलाब-उलट्यांत मात्र नुसत्या पाण्यापेक्षा ओआरएस. एक पूर्ण पुडी तिच्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात, मोठी पुडी असेल तर एक लिटरमध्ये. अर्धी पुडी गिलासात टाकून प्रमाण बिघडवू नका.

तान्ह्या बाळांच्या आजींसाठीही दोन ओळी, कारण हे सदर त्या वाचतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला भर उन्हाळ्यातही वरचं पाणी देऊ नका, चमचाभरही नाही. आईच्या दुधात त्याला लागणारं पाणी असतं. पाण्याने इवलं पोट भरतं, दूध कमी जातं आणि सोडियम उतरून झटके येऊ शकतात. पाणी बाळाच्या आईला द्या.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. पत्रात ओझरतं लिहिलं आहे, ‘घरी बोअरचं पाणी आहे, गोड लागतं.’ यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि ते चवीला कळत नाही. भारतीय मानकानुसार लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. समजा तुमच्या बोअरला दोन आहे. तीन लिटर पिणाऱ्याच्या पोटात सहा मिलिग्रॅम जातं, तुमच्या पोटात बारा. म्हणजे आरोग्यासाठी म्हणून लावलेला नेम फ्लोराइड दुप्पट करतो. गावातल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात का, तिशी-चाळिशीतच लोकांच्या कमरा-गुडघे आखडतात का, ते बघा. उकळून किंवा क्लोरीन टाकून फ्लोराइड जात नाही. उकळल्यावर पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांचा प्रश्न वेगळा आहे, तिथे पाण्यातच क्षार. बीपीवाल्यांनी डॉक्टरांना तेही सांगावं.

राहिले तुमचे आठ गडवे. तुम्ही तरुण आहात, भरपेट जेवता, वावरात राबता. सहा लिटरने तुमचं सोडियम उतरेल अशी शक्यता कमी. बद्धकोष्ठता गेली ते खरं असणार. आधी तुम्ही बहुधा फारच कमी पाणी पीत होता. पण तोच फायदा चार गडव्यांतही मिळेल, सोबत भाजी-फळं वाढवली तर नक्की. सकाळचे दोन गडवे एका दमात न पिता एक घ्या. वावरात राबायच्या दिवशी तहानेप्रमाणे आणि घामाप्रमाणे वाढवा, पावसाळ्यात घरी बसाल तेव्हा कमी करा. तहान लागते म्हणजे शरीर आधीच सुकलं, असं व्याख्यानात सांगितलं असेल, तसं नाही. रक्त एक-दोन टक्के घट्ट झालं की तहान लागते, दुखणं येण्याच्या कितीतरी आधी. मात्र इतकं पाणी पिऊनही तहान भागत नसेल, रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल, तर साखर तपासून घ्या. आठ गडव्यांमागे कधी कधी व्याख्यान नसतं, मधुमेह असतो.

बहिणीला हे पत्र वाचायला द्या. आईला नको असताना समोर उभं राहून पाजलंत, हे तिचं बोलणं तुम्हाला लागलं असणार, पण ते ऐकून घ्या. आई नको म्हणत होती तेव्हा तिचं शरीरच नको म्हणत होतं. या महिन्यात आईचं सोडियम आणि क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा करून घ्या, गोळी बदलली असेल तर नक्कीच. फ्लोराइडचा निकाल आला की कळवा. दीडच्या वर निघाला तर आईच्या बाटल्या आरओच्या पाण्याने भरा, आणि जवळ जुनी उघडी विहीर असेल तर तिचाही नमुना द्या. अनेकदा तिच्यात खोल बोअरपेक्षा फ्लोराइड कमी असतं.